प्रेम राखणारा धनगर : थिऑक्रिटसच्या एका कवितेविषयी

१

एम.ए.ला आम्हांला मिल्टनची 'लिसिडास' ही विलापिका अभ्यासाला होती. या काव्यप्रकाराचे मूळ सिसिली बेटावरच्या थिऑक्रिटस नावाच्या ग्रीक कवीत आहे, असे सरांनी पहिल्याच तासाला सांगितले. परीक्षेत आम्ही सर्वांनी ते वाक्य इमानेइतबारे उतरवले. थिऑक्रिटस मात्र वर्गातल्या एकानेही वाचलेला नव्हता. मी तो वाचला नोकरीत स्थिरावल्यावर, 'लोब' मालेतले जे. एम. एडमंड्स यांचे १९१२ सालचे इंग्रजी भाषांतर जुन्या पुस्तकांच्या ढिगात हाती लागले तेव्हा. मला ग्रीक येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. एडमंड्स यांचे भाषांतर आणि ए. एस. एफ. गाउ यांची १९५० सालची सटीप आवृत्ती एवढ्या शिदोरीवर मी हा लेख लिहीत आहे.

थिऑक्रिटसच्या कवितांत एक विषय पुन:पुन्हा येतो. एकाने जीव लावावा आणि दुसऱ्याने तिकडे पाहूही नये, हा तो विषय. आपण त्याला एकतर्फी प्रेम म्हणतो. हा शब्द वर्तमानपत्रात दिसला की आपल्या अंगावर काटा येतो. १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या एका मुलीला परीक्षा केंद्रातच जाळण्यात आले, तेव्हा मी कॉलेजात होतो. २०२० साली हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले, ती बातमी मी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून वाचली. मधल्या तीस वर्षांत शब्द तोच राहिला. म्हणूनच, याच विषयावर दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका कवीने हसत हसत लिहिलेली कविता मला पुन्हा काढून वाचावीशी वाटली. वाचण्याचे निमित्त शाळेतलाच एक प्रसंग होता. तो ओघाने शेवटी येईल.

२

थिऑक्रिटस हा सिरॅक्यूजचा. काळ इ. स. पू. तिसरे शतक. दुसऱ्या टॉलेमीच्या कारकिर्दीत तो अलेक्झांड्रियातही होता. त्याच्या नावावर तीस कविता सांगतात. त्या सगळ्याच त्याच्या नव्हेत आणि सगळ्याच रानातल्याही नव्हेत. पण ज्यांत गुराखी, मेंढके, शेळ्या राखणारे, कापणीचे गडी बोलतात आणि गातात, त्यांनीच पुढे युरोपात गोपकाव्याची परंपरा घातली. गंमत अशी, की या गडीमाणसांच्या तोंडी कवीने छंद घातला तो होमरचा. ज्या वृत्तात ट्रॉयचे वीर लढले, त्याच वृत्तात इथे शेळ्या हाकल्या जातात.

मराठी वाचकाला हे ऐकताच गवळणी आठवतील, ज्ञानदेवांच्या विराण्या आठवतील. मलाही आठवल्या. परंतु तुलना फार ताणू नये. आपल्या विराणीत विरह आहे, आणि विरहाच्या आधी भेट आहे. निदान भेटीची खूण तरी आहे. ज्याची वाट पाहायची तो आपला आहे, ही खात्री त्या वेदनेच्या तळाशी असते, आणि म्हणून ती वेदनाही जपावीशी वाटते. थिऑक्रिटसच्या रानात अशी खात्री नाही. तिथे समोरच्या माणसाने नाही म्हटलेले असते, किंवा तेवढेही म्हणण्याची तसदी घेतलेली नसते. मग पुढे करायचे काय, हा त्या कवितांपुढचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला सर्वांत सरळ भिडते ती अकरावी कविता. ती पॉलिफीमस या एकाक्ष राक्षसाची आहे. होमरच्या 'ओडिसी'च्या नवव्या सर्गात आपण त्याला भेटतो. ओडिसियसच्या सहा सोबत्यांना तो खाऊन टाकतो आणि शेवटी ओडिसियस त्याचा एकुलता डोळा फोडतो. त्या भयंकर प्रसंगातही होमरने एक गोष्ट नोंदवली आहे : डोळा गेल्यावर हा राक्षस आपल्या लाडक्या मेंढ्याशी मायेने बोलतो. त्याला समुद्रकन्या गॅलेटियाच्या प्रेमात पाडले ते थिऑक्रिटसच्या आधी, फिलॉक्सिनस नावाच्या कवीने. थिऑक्रिटसने त्याचे वय कमी केले. त्याचा पॉलिफीमस जेमतेम मिसरूड फुटलेला पोरगा आहे. ओडिसियसचे जहाज यायला अजून अवकाश आहे.

कविता सुरू होते ती मात्र राक्षसापासून नव्हे, एका मित्रापासून. मिलेटसचा निकियास हा वैद्य होता आणि कवीही होता. कवी त्याला सांगतो, की प्रेमावर ना लेप चालतो ना चूर्ण. एकच औषध आहे, आणि ते काव्यदेवतांकडे मिळते. तू वैद्य आहेस, शिवाय त्या देवतांचा लाडका आहेस, तेव्हा तुला हे ठाऊकच असणार. पुरावा म्हणून तो आपल्याच मुलखातला रोगी पुढे करतो. सायक्लॉप्स आमच्या सिसिलीचाच, असे तो घरच्या माणसासारखे सांगतो.

३

गाणे म्हणजे एका खडकावर समुद्राकडे तोंड करून बसलेल्या पोराचे बोलणे आहे. मेंढरे बिचारी आपली आपण घरी परततात, याला भान नाही. ती चीजपेक्षा गोरी, कोकरापेक्षा नाजूक, अशी स्तुती तो करतो. उपमा बहुतेक गोठ्यातल्या आहेत, कारण त्याला तेवढेच जग माहीत आहे. ती माझ्या आईबरोबर डोंगरावर फुले तोडायला आली होती आणि वाट दाखवायला मी पुढे होतो, ही पहिली भेट तो सांगतो. तेव्हापासून याचे मन ठिकाणावर नाही, आणि तिला त्याचे काहीच नाही.

मग तो स्वत:च्या रूपाकडे वळतो. कपाळभर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत एकच भुवई, तिच्याखाली एकच डोळा, ओठावर फेंदारलेले नाक. तू का पळतेस हे मला कळते, असे तो म्हणतो. लगेच मालमत्तेची यादी येते : हजार मेंढरे, बारमाही दूधदुभते, चीज, थंडगार पाणी, आणि तिच्यासाठी पाळलेली अकरा हरणाची पाडसे नि चार अस्वलाची पिल्ले. मला कल्ले असते तर पाण्यात शिरून निदान तुझ्या हाताला तरी ओठ लावले असते आणि फुले आणली असती, असे तो म्हणतो. पण एक फूल उन्हाळ्यात येते, दुसरे हिवाळ्यात, तेव्हा दोन्ही एकदम आणता आली नसती, हेही तो प्रामाणिकपणे सांगून टाकतो. प्रेमाच्या ऐन भरात ऋतुमानाची चूक होऊ नये ही त्याची काळजी! कोणी परका जहाजातून आला तर मी पोहायला शिकेन, असेही तो म्हणतो. तो परका कोण आणि तो काय शिकवून जाणार आहे, हे ग्रीक श्रोत्याला पाठ होते. आपण इथे हसतो, आणि हसता हसता थांबतो.

सरतेशेवटी रोष येतो तो आईवर. ती समुद्रातली, तिने माझ्यासाठी गॅलेटियाकडे कधी शब्द टाकला नाही. आता मी तिला सांगेन, माझे डोके ठणकते, दोन्ही पाय ठणकतात. म्हणजे मी झुरतो तशी तीही झुरेल. इथे मात्र माझ्यातल्या मास्तराला राक्षस दिसेनासा होतो आणि दहावी 'ब' मधला शेवटच्या बाकावरचा मुलगा दिसू लागतो.

यानंतर कवितेत जे घडते ते अगदी लहान आहे, आणि माझ्या मते तेच तिचे मर्म आहे. एक्याऐंशी ओळींच्या या कवितेत बहात्तराव्या ओळीपर्यंत सारे बोलणे 'गॅलेटिया'ला उद्देशून आहे. त्या ओळीत संबोधन बदलते. तो स्वत:लाच नावाने हाक मारतो, एकदा नव्हे, दोनदा. कुठे भरकटली तुझी अक्कल, असे स्वत:ला विचारतो. जा, टोपल्या वीण, कोकरांसाठी पाला तोडून आण. जी जवळ उभी आहे तिची धार काढ, पळणारीच्या मागे कशाला लागतोस? गॅलेटिया दुसरीही मिळेल, कदाचित हिच्याहून देखणी. रात्री खेळायला बोलावणाऱ्या पुष्कळ मुली आहेत, आणि मी ओ दिली की त्या खुदुखुदू हसतात. जमिनीवर मीही कोणीतरी आहे. त्या मुली का हसतात हे आपल्याला कळते, त्याला कळत नाही. कवी त्याला शहाणा करतो, पण पुरता शहाणा करत नाही.

या कवितेबाबत अभ्यासकांत एक जुना वाद आहे. आरंभी कवी म्हणतो, गाणे हे औषध. पुढे लगेच दिसते ते असे, की हा पोर गाणी गात गात मेंढरांकडे दुर्लक्ष करतो आहे, झुरतो आहे. मग गाणे हे औषध, की रोगाचेच लक्षण? मला वाटते, याचे उत्तर त्या बदललेल्या संबोधनात आहे. 'तू' म्हणजे गॅलेटिया होती तोवर गाणे हा रोगच होता. 'तू' म्हणजे तो स्वत: झाला, त्या क्षणी तेच गाणे औषध झाले. मनातले बोलून टाकले की हलके वाटते, असे आपण म्हणतो. पण नुसत्या बोलण्याने हे साधत नाही. बोलता बोलता आपलेच बोलणे आपल्या कानी पडावे लागते. स्वत:ची भुवई, स्वत:ची फुले, स्वत:चे रुसणे हे सारे त्याने मोठ्याने उच्चारले, आणि ऐकणारे तिथे त्याच्याशिवाय कोणीच नव्हते. हे वळण व्हर्जिलनेही बरोबर हेरले होते. त्याच्या दुसऱ्या गोपगीतात ॲलेक्सिससाठी झुरणारा कॉरिडॉन शेवटी असाच स्वत:ला हाक मारतो आणि अर्धवट राहिलेल्या कामाकडे पाहतो.

आणखी एक शब्द. कवितेच्या अखेरीस कवी म्हणतो, की पॉलिफीमसने गाऊन आपले प्रेम... इथे जे क्रियापद आहे ते मेंढरे राखण्याचे आहे. बरे केले, असे कवी म्हणत नाही. विसरला, असेही म्हणत नाही. तो प्रेम राखू लागला, आणि वैद्याला सोने मोजून जे साधले नसते ते त्याला साधले. (निकियासला हा चिमटा आहेच.) आपल्या 'राखणे' या शब्दात हा अर्थ जसाच्या तसा उतरतो. आमच्या भागात सुगीनंतर धनगर शेतात मेंढरे बसवतात. शेताला खत मिळते, धनगराला त्याचा मोबदला मिळतो. त्याचे कसब कशात, असे विचाराल तर मेंढरू दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरू न देण्यात आहे. कळप मारून टाकायचा नसतो आणि मोकाटही सोडायचा नसतो. हा अर्थ मनात ठेवून पाहिले, म्हणजे कवीने औषधाची सुरुवात करून शेवट राखणीवर का केला ते कळते.

४

हे वळण सोपे नाही, हे कवीला ठाऊक होते. म्हणूनच त्याने ते न जमलेली माणसेही दाखवली आहेत. तिसऱ्या कवितेतला शेळ्या राखणारा अमॅरिलिसच्या गुहेपुढे गातो. दहा सफरचंदे आणतो, उडी टाकून जीव देईन म्हणतो, माझे डोके दुखते म्हणतो. त्याचे संबोधन शेवटपर्यंत बदलत नाही. मी इथेच पडून राहीन, लांडगे मला खातील, यावर तो थांबतो. गुहेतून उत्तर येत नाही. ही कविताही विनोदीच आहे, पण तो विनोद जागच्या जागी थिजलेला आहे.

दहाव्या कवितेत दोन कापणीवाले आहेत. ब्यूकियस प्रेमात पडल्यामुळे त्याची पात सरळ जात नाही, तो मागे पडतो. त्याची बॉम्बिका उन्हाने रापलेली, हडकुळी. लोक तिला तसेच म्हणतात, हा एकटा तिला मधाच्या रंगाची म्हणतो. जोडीदार मायलन त्याची टर उडवतो आणि कामाचे गाणे ऐकवतो. तुझे रडगाणे सकाळी अंथरुणातल्या आईला सांग, असा त्याचा सल्ला आहे. हा सल्ला मी अनेक शिक्षकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि खरे सांगायचे तर स्वत:ही दिला आहे. त्यातले तथ्य एवढेच, की पॉलिफीमसही शेवटी कामाकडेच वळला. फरक असा, की त्याला कोणी हाकलले नाही, तो आपल्या पायांनी गेला.

दुसरी कविता रानातली नव्हे, शहरातली आहे, पण ती इथे विसरता येत नाही. सिमीथा या मुलीला डेल्फिसने टाकले आहे. ती रात्री चंद्राच्या साक्षीने मंत्रतंत्र करते आणि तो वळला नाही तर विष घालण्याची भाषा बोलते. ग्रीकमध्ये 'फार्माकॉन' या एकाच शब्दाचे औषध, जादूटोणा आणि विष असे तिन्ही अर्थ होतात. अकराव्या कवितेत तो शब्द पहिल्याच ओळीत आहे, आणि सिमीथा आपल्या द्रव्यांना तोच शब्द वापरते. एकाच बाटलीत काय भरायचे हा प्रश्न आहे, असे दोन कविता शेजारी ठेवल्यावर जाणवते. तीही शेवटी थोडी शांत होते. चंद्राला निरोप देते आणि आपली आस आजवर सोसली तशी पुढेही सोसायची ठरवते.

तेविसावी कविता थिऑक्रिटसची नव्हे, असे आता अभ्यासक मानतात. ते मला वाचतानाच पटले होते. तिच्यात झिडकारलेला प्रेमिक दारातच गळफास घेतो, आणि झिडकारणाऱ्यावर प्रेमदेवतेचा पुतळा कोसळून तो मरतो. म्हणजे नकार देणे हाच गुन्हा ठरला, आणि कवितेने स्वत:च शिक्षा बजावली. आपल्याकडच्या कित्येक चित्रपटांचे तर्कशास्त्र याहून वेगळे नाही. थिऑक्रिटसच्या पॉलिफीमसने गॅलेटियाला नाही नाही ते बोल लावले असतील, पण तिला शिक्षा व्हावी असे तो एकदाही म्हणत नाही. नरभक्षक राक्षसाकडून कवीने हे म्हणवून घेतले नाही, यात त्याचे मोठेपण आहे.

५

आता तो शाळेतला प्रसंग. दोन वर्षांपूर्वी एका मुलीचे वडील माझ्या खोलीत आले आणि त्यांनी टेबलावर एक शंभर पानी वही ठेवली. दहावीतल्या एका मुलाने ती त्यांच्या मुलीच्या दप्तरात ठेवली होती. आत कविता होत्या. साध्याच, काही उसन्या, पण दोन-चार खरोखर बऱ्या. सगळ्या 'तू'ला उद्देशून. एका पानावर, तू नाही म्हणालीस तर मी काय करीन सांगता येत नाही, अशा अर्थाचे काही लिहिले होते.

मी त्या मुलाला ओरडलो नाही. रोज शाळा सुटल्यावर थोडा वेळ बसवले, त्याच्याशी बोललो. त्याचीच वही त्याला मोठ्याने वाचायला लावली. तिसऱ्या दिवशी वाचता वाचता तो स्वत:च ओशाळला. मला अकरावी कविता आठवली. औषध लागू पडले, असे मी मनाशी म्हटले. मुलगा पुढे एस.एस.एल.सी. चांगल्या गुणांनी पास झाला. त्या दिवसांत मी माझ्यावर खूश होतो.

दरम्यान, एका दुपारी क्लार्कने सह्यांसाठी आणलेल्या कागदांत त्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला होता. कारणाच्या रकान्यात 'पालकांच्या इच्छेने' असे होते. वडिलांनी तिला मामाच्या गावी पाठवले होते. माझ्या ध्यानात आले, की या सगळ्या प्रकारात मी तिच्याशी एक वाक्यही बोललो नव्हतो. ती घाबरली होती का, तिला काय हवे होते, हे मी विचारले नव्हते.

त्या रात्री मी ती कविता पुन्हा काढली. एक्याऐंशी ओळींत गॅलेटिया एक शब्दही बोलत नाही. इतकी वर्षे हे मला खटकले नव्हते. कवी बोलतो तो आपल्या वैद्यमित्राशी, उदाहरण देतो ते पोराचे, आणि चर्चा चालते ती पोराच्या प्रकृतीची. निकियासला पाठवलेले हे पत्र गॅलेटियासाठी लिहिलेलेच नाही. ते इतके हसतमुख राहू शकते, कारण दोघांच्या मध्ये समुद्र आहे आणि राक्षसाला पोहता येत नाही. त्याचे शहाणपण मी कमी लेखत नाही. पण ते शहाणपण यायला जो वेळ लागला, तेवढा वेळ गॅलेटियाला सांभाळले ते त्या समुद्राने.

गॅलेटियाला तोंड फुटते ते ऑव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'मध्ये, तेराव्या सर्गात. तिथे तीच आपली कहाणी सिलाला सांगते. तिचे प्रेम एसिस नावाच्या तरुणावर आहे. पॉलिफीमस दाताळ्याने केस विंचरतो, विळ्याने दाढी कापतो आणि तेच गाणे गातो. मेंढरे तीच, भेटवस्तूही जवळपास त्याच. पण ती ते गाणे खडकाआड एसिसच्या मिठीत लपून ऐकते आहे. गाता गाता राक्षस एसिसचे तुकडे करण्याची भाषा बोलतो, आणि गाणे संपल्यावर डोंगराचा कडा उपटून त्याच्यावर फेकतो. एसिसची नदी होते. आधी मला ही थिऑक्रिटसची बिघडवलेली नक्कल वाटे. आता वाटते, की ऑव्हिडने फक्त ऐकणाऱ्याची जागा बदलली. मेंढराच्या बाजूने न पाहता उभ्या पिकाच्या बाजूने पाहिले.

या दोन कवितांतली एकच निवडा असे कोणी म्हटले तर मला ते जमणार नाही. मुलांना राखायला शिकवायचे तर थिऑक्रिटस हवा. झिडकारल्यावरही हसत कामाला लागलेला असा दुसरा नायक मला माहीत नाही. पण ज्याने तो वाचला त्याने ऑव्हिडही वाचावा, नाहीतर माझ्यासारखे अर्धेच औषध हाती लागते.

अशा वह्या आता कमी येतात. मोबाइलवरचे संदेश येतात. मजकूर फारसा बदललेला नाही. काही आले की मी आता आधी मुलीला बोलावतो. सोबत तिची आई असते, नाहीतर आमच्या शाळेतल्या एक बाई. तिचे सगळे ऐकून होईपर्यंत मी मध्ये बोलत नाही. मुलाचे गाणे त्यानंतर ऐकतो.